मिश्र कळपात गरीब स्वभावाच्या कोंबड्या सांभाळताना

सिल्की, कोचीन बँटम (कोचीनची लहान जात), पॉलिश किंवा ब्रह्मा यांसारख्या गरीब स्वभावाच्या कोंबड्या गावठी, गिरिराज, वनराज किंवा ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांसोबत एकाच खुराड्यात ठेवायच्या म्हटले, की पाळणाऱ्याला पहिली भीती वाटते ती रक्ताची. भीती रास्त आहे. परंतु माझ्याकडची पहिली सिल्की ज्या वर्षी दगावता दगावता वाचली, त्या वर्षी तिच्या अंगावर एकही जखम नव्हती. ती सगळ्यांबरोबर हिंडत होती, खाद्य टाकले की धावत येत होती आणि रात्री आपल्या कोपऱ्यात बसत होती. एके दिवशी पावसात भिजली म्हणून तिला उचलले, तेव्हा हातात कोंबडी नसून पिसांचा गोळा असावा इतकी ती हलकी लागली. छातीचे मधले हाड बोटांना सुरीच्या पात्यासारखे जाणवले. ती धावत येत होती हे खरे, पण भांड्याच्या दोन हात अलीकडे थांबत होती आणि बाकीच्यांचे खाऊन होईपर्यंत भांडे रिकामे होत होते. सिल्कीची पिसे लोकरीसारखी फुगलेली असल्यामुळे तिचे वाळणे डोळ्यांना दिसतच नाही.

गरीब कोंबडी बहुधा मार खाऊन मरत नाही, उपाशी राहून मरते. जखम झालीच तर ती पुष्कळदा त्या उपासमारीच्या शेवटी होते. पुढे दिलेली सर्व व्यवस्था या एका गोष्टीभोवती उभी आहे.

कळपातली उतरंड

कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे याचा क्रम ठरलेला असतो. थॉरलीफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने लहानपणापासून केलेल्या निरीक्षणांवरून १९२१-२२ च्या सुमारास तो क्रम शास्त्रीय पद्धतीने मांडला. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला तो त्याआधीही ठाऊक होता. हा क्रम म्हणजे क्रूरपणा नाही. एकदा उतरंड पक्की बसली की भांडणे कमी होतात, कारण वरच्या कोंबडीने नुसती मान उंचावली तरी खालची सरकते. अडचण तेव्हा येते, जेव्हा सरकायला जागा नसते, किंवा सरकल्यावर पोटात काही पडत नाही.

म्हणून दांडगी कोंबडी शोधून तिला विकून टाकणे हा उपाय बहुतेक वेळा टिकत नाही. तिच्या जागी दुसऱ्या क्रमांकाची येते आणि आठवड्याभरात तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. एकच भांडे, एकच दार, एकच दांडी आणि एकच सावली असलेल्या खुराड्यात साध्या कोंबड्याही दांडग्या होतात.

कोणती जात कशामुळे अडचणीत येते

सर्व गरीब जातींची अडचण सारखी नसते, त्यामुळे प्रत्येकीची दुखरी बाजू आधी ओळखावी.

सिल्कीच्या पिसांचे बारीक तंतू एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे पीस सलग राहत नाही. तिला उडता येत नाही आणि पाऊस थेट कातडीपर्यंत पोहोचतो. पॉलिश जातीच्या डोक्यावरचा पिसांचा झुपका डोळ्यांवर येतो. बाजूने आणि वरून काय येते आहे हे तिला दिसत नाही, म्हणून ती दचकते आणि तिच्या दचकण्यामुळेच दुसऱ्या कोंबड्या तिच्या मागे लागतात. या दोन्ही जातींत डोक्याच्या कवटीला वर उंचवटा असतो आणि तिथले हाड पुष्कळदा पूर्ण भरलेले नसते. दुसऱ्या कोंबडीला किरकोळ ठरणारी डोक्यावरची चोच इथे मेंदूपर्यंत इजा करू शकते. सिल्की आणि पॉलिश यांच्या बाबतीत मी डोक्यावर टोचण्याचा एकही प्रकार दुर्लक्षित करत नाही, तो याच कारणाने.

कोचीन आणि ब्रह्मा यांच्या पायांवर पिसे असतात. चिखलात त्या पिसांना गोळे चिकटतात, चालणे अवघड होते आणि पायांच्या खवल्यांखाली खरजेचे किडे शिरले तरी लवकर कळत नाही. ब्रह्मा अंगाने मोठी असल्यामुळे ती स्वतःचे रक्षण करील असे वाटते. प्रत्यक्षात ती आपल्या आकाराचा उपयोग फारसा करतच नाही आणि निम्म्या वजनाची गावठी कोंबडी तिला भांड्यावरून हाकलते. जाता जाता एक खुलासा: कोचीन हे नाव ऐकून ही केरळातली आणि म्हणून उष्णतेला सरावलेली जात आहे असे सांगून ती विकली जाते. तिचे मूळ चीनमध्ये आहे. ब्रह्मा हे नाव ब्रह्मपुत्रेवरून आले असले तरी ती जात घडली अमेरिकेत. दोघींनाही दाट पिसांमुळे आपला उन्हाळा जड जातो.

सोबत कोणाला ठेवावे

सिल्की, कोचीन बँटम आणि पॉलिश एकमेकींसोबत चांगल्या राहतात. गिरिराज आणि वनराज या जाती परसबागेसाठीच तयार केलेल्या आहेत, पहिली बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात आणि दुसरी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. त्यांच्या माद्या स्वभावाने शांत असतात, पण खादाड असतात; त्यांचा त्रास होतो तो भांड्यावर रेटारेटी करण्याचा. ऱ्होड आयलंड रेड माद्यांमध्ये एखादी तरी हुकूमत गाजवणारी निघते. गावठी कोंबड्यांविषयी सरसकट काही सांगता येत नाही. तीच कोंबडी एरवी साधी असते आणि पिल्ले घेऊन हिंडताना डोळ्यांपुढे येईल त्याच्या अंगावर जाते.

कडकनाथाविषयी एक गैरसमज आहे. सिल्की आणि कडकनाथ या दोघांचीही कातडी आणि मांस काळे असल्यामुळे त्या एकाच वळणाच्या असाव्यात असे समजून लोक त्या एकत्र ठेवतात. झाबुआ-अलिराजपूरच्या डोंगराळ भागातला कडकनाथ चपळ आणि बुजरा आहे. तो मुद्दाम छळत नाही, पण दचकून उडाला की अख्खा कळप उधळतो आणि त्या धावपळीत न उडणारी सिल्की पायांखाली येते. मोकळे आवार असेल तर चालते, बंदिस्त खुराड्यात चालत नाही.

असील मात्र नकोच, मादीसुद्धा नको. ही जात पिढ्यान् पिढ्या झुंजीसाठी निवडली गेली आहे आणि समोरच्याने माघार घेतली तरी ती थांबेलच असे नाही. बदके ठेवायची असतील तर नर बदक कोंबड्यांसोबत सोडू नये. तो कोंबड्यांवर चढण्याचा प्रयत्न करतो आणि त्यात लहान कोंबडीला गंभीर इजा होते.

जागेची मांडणी

रात्रीच्या बंद खुराड्यात दर कोंबडीमागे ४ चौरस फूट आणि दिवसाच्या जाळीच्या आवारात किमान १० चौरस फूट जागा धरावी. एकाच जातीच्या कळपात याहून कमी जागेत भागते. मिश्र कळपात भागत नाही. तरीही नुसत्या चौरस फुटांवर विसंबू नये. चारही बाजूंनी मोकळे, सपाट आणि मध्ये काहीच नसलेले मोठे आवार गरीब कोंबडीला लहान आवारापेक्षा फारसे बरे नसते, कारण तिथे ती सतत सगळ्यांच्या नजरेत असते. कोंबडीच्या दृष्टीने नजरेआड होणे म्हणजे सुटका होणे. एक उभी फळी, नारळाच्या झावळ्यांचा तिरका आडोसा, आडवे ठेवलेले जुने पिंप किंवा करवंदीची चार झुडपे एवढ्यानेही पाठलाग तुटतो.

प्रत्येक आडोशाला दोन वाटा हव्यात, हा नियम मात्र मोडू नये. एकाच तोंडाची पेटी म्हणजे सापळा. आत शिरलेली कोंबडी बाहेर पडू शकत नाही आणि दारात उभी असलेली दांडगी तिला हवे तितके टोचते. पिंप आडवे ठेवायचे असेल तर त्याचा तळ कापून ते दोन्हीकडून मोकळे करावे. आवाराचे काटकोनी कोपरेही धोक्याचे असतात. तिथे तिरकी फळी लावून कोपरा बुजवावा.

झोपण्याची व्यवस्था करताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते. सिल्की दांडीवर चढत नाही; ती जमिनीवर, शक्यतो दुसऱ्या सिल्कीला चिकटून झोपते. दांडीवर बसणाऱ्या कोंबड्यांची रात्रभराची विष्ठा नेमकी तिच्यावर पडते. पिसे बरबटतात, अंग ओलसर राहते, आणि रक्ती हगवणीचे जंतू ज्या ओल्या बिछान्यात वाढतात तिथेच ती आठ-दहा तास बसलेली असते. यासाठी दांडीपासून दूर जमिनीवर एक कोपरा राखावा, त्यावर गुडघ्याच्या उंचीवर एक फळी छपरासारखी ठोकावी आणि खाली ४ इंच भाताचे तूस किंवा कोरडा भुसा पसरावा. ब्रह्मा आणि मोठ्या कोचीनसाठी दांडी जमिनीपासून फूट-दीड फुटाहून उंच नसावी. उंचावरून उडी मारताना त्यांच्या जड शरीराने तळपायाला मार बसतो आणि पुढे तिथे गळू होते. बाकीच्यांना दर कोंबडीमागे ८ ते १० इंच दांडी पुरते. सर्व दांड्या एकाच उंचीवर असल्या की सर्वांत वरची जागा मिळवण्यासाठी होणारी संध्याकाळची भांडणे कमी होतात.

शिकारी प्राण्यांपासून संरक्षण तर सर्वच कोंबड्यांना लागते, पण न उडणारी सिल्की आणि वरचे न दिसणारी पॉलिश घारीला आणि शिक्र्याला सर्वांत आधी सापडतात. आवारावर वरून जाळे हवे. मुंगूस, घूस आणि साप यांच्यासाठी खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावावी आणि ती जमिनीत फूटभर पुरावी.

खाद्य आणि पाणी

अंडी देणारी मध्यम आकाराची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. कळपाच्या संख्येने गुणून तेवढे खाद्य टाकले की हिशेब पूर्ण झाला असे आपल्याला वाटते, पण तो कळपाचा हिशेब झाला. शेवटच्या कोंबडीचा नाही.

दहा कोंबड्यांसाठी एक मोठे भांडे ठेवण्याऐवजी तीन लहान भांडी ठेवावीत, आणि एका भांड्यावरून दुसरे दिसणार नाही अशी ती मांडावीत. अंतरापेक्षा आडोसा महत्त्वाचा आहे. दहा फुटांवरचे भांडे जर स्पष्ट दिसत असेल तर दांडगी कोंबडी दोन्ही भांडी राखते, पण मधे एक फळी उभी केली की ज्या भांड्यावर ती उभी आहे तेवढेच तिचे राहते. पाण्याच्या भांड्यांनाही हाच नियम लावावा. त्यातली किमान दोन सावलीत असावीत. उन्हाळ्यात कोंबड्यांचे पाणी पिणे दुपटीपर्यंत वाढते, आणि भर उन्हातून दुसऱ्यांना ओलांडून पाण्यापर्यंत जाण्यापेक्षा गरीब कोंबडी तहानलेली बसून राहते.

लहान जातींसाठी याहून खात्रीचा उपाय म्हणजे राखीव भांडे. जुने डालगे किंवा लाकडी खोके पालथे घालून ते चारही बाजूंनी विटांवर उचलावे. एकावर एक आडव्या ठेवलेल्या दोन विटांनी साधारण ६ इंचांची फट मिळते. त्यातून सिल्की आणि कोचीन बँटम आरामात आत जातात आणि गिरिराज कोंबडीचा खांदा अडतो. आपल्याकडच्या कोंबड्यांवर हे मोजून घ्यावे, कारण एखादी सडपातळ गावठी तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) वाकून आत शिरतेच. आत खाद्य आणि पाणी दोन्ही ठेवावे. पहिले दोन दिवस लहान कोंबड्यांना हाताने आत ठेवून वाट दाखवावी लागते, नंतर त्या आपणहून तिथेच राहू लागतात.

मिश्र कळपात वयेही मिश्र असतात, तेव्हा अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे खाद्य सर्वांना घालू नये. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना ते दीर्घकाळ सोसत नाही. सर्वांना वाढीच्या वयाचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या अंड्यावर आहेत त्या तो आपणहून खातात.

नवी कोंबडी कळपात आणण्याची पद्धत

या कामाला सहा ते सात आठवडे लागतात. घाई केल्याने वाचलेले दिवस पुढे जखमा निस्तरण्यात जातात.

पहिला टप्पा विलगीकरणाचा. आठवडी बाजारातून किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडून आणलेली कोंबडी ३० दिवस वेगळी ठेवावी. तिची जागा कळपापासून जमेल तितकी दूर असावी, भांडी वेगळी असावीत आणि तिचे काम रोज सर्वांत शेवटी करावे. मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा, संसर्ग माणसाच्या चपलेतूनही येतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा शेजारच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या. एका खुराड्यातला निष्काळजीपणा एका खुराड्यापुरता राहत नाही. या महिन्यात पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी उवा पाहाव्यात, पॉलिशच्या झुपक्यात विशेष पाहाव्यात, जंताचे औषध द्यावे आणि मानमोडी व देवी यांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पूर्ण कराव्यात. सिल्की विकत घेताना पिल्लांना पहिल्या दिवशी मरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस दिली आहे का हे विचारावे, कारण या रोगाला ही जात लवकर बळी पडते असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे आणि ती लस नंतर देऊन फारसा उपयोग होत नाही.

एकटी कोंबडी आणू नये. दोन किंवा तीन एकत्र आणल्या तर टोचणी वाटली जाते आणि त्यांना एकमेकींचा आधार राहतो. वजनाने पुरेशी भरेपर्यंत पिल्ले मोठ्यांत सोडू नयेत. लहान जातींच्या बाबतीत मी १६ आठवडे पूर्ण होऊ देतो.

दुसरा टप्पा जाळीचा. महिना संपल्यावर नव्या कोंबड्यांना कळपाच्याच आवारात, पण मधे जाळी लावून, १० ते १४ दिवस ठेवावे. जाळीच्या दोन्ही बाजूंना खाद्याची भांडी जाळीला लागूनच ठेवावीत, म्हणजे दोन्हीकडच्या कोंबड्या एकमेकींना पाहत खातात. सुरुवातीला जाळीवर चोची आपटतात. तो प्रकार जवळजवळ थांबला की पुढे जावे. दिवस भरले पण आपटणे थांबले नाही, तर आणखी आठवडा थांबावे.

तिसरा टप्पा भेटीचा. संध्याकाळचा शेवटचा तास निवडावा, जाळी काढावी आणि सर्वांना एकत्र मोकळ्या जागेत सोडावे. पालकाची किंवा मुळ्याच्या पाल्याची जुडी दोन-तीन ठिकाणी टांगून ठेवली की कळपाचे लक्ष तिकडे राहते. आपण तिथेच बसावे, पण प्रत्येक टोचणीला मधे पडू नये. एक-दोन चोची, चार पावलांचा पाठलाग आणि मग दुर्लक्ष, हे व्हायलाच हवे; त्याशिवाय उतरंड ठरत नाही. खालची पळून गेल्यावरही वरची थांबत नसेल, डोक्यावर पुन्हा पुन्हा टोचत असेल, दोघी-तिघी मिळून एकीला कोपऱ्यात धरत असतील किंवा रक्ताचा ठिपका दिसला, तर भेट तिथेच संपवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. चार-पाच संध्याकाळी असे झाले की नव्या कोंबड्यांना अंधार पडल्यावर खुराड्यात त्यांच्या जागेवर नेऊन ठेवावे.

पुष्कळ जण इथे थांबतात आणि निजतात. रात्री सोडलेली कोंबडी सकाळी आपलीच झालेली असते, असा एक समज आहे. खरी परीक्षा पहाटे असते. उजेड झाला आहे, दार बंद आहे, सर्वांना भूक लागली आहे आणि पळायला जागा नाही, अशा अर्ध्या तासात सर्वांत वाईट जखमा होतात. पहिले सात-आठ दिवस फटफटण्याच्या आधी उठून दार उघडावे. ज्याला ते जमणार नाही त्याने नव्या कोंबड्यांना तेवढे दिवस रात्री जाळीआडच ठेवावे.

रोजची तपासणी

कळपात मिसळल्यानंतर पहिले दोन आठवडे रोज, आणि पुढे आठवड्यातून दोनदा, अंधार पडल्यावर गरीब कोंबड्यांना एकेक करून उचलावे. गळ्याच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजव्या अंगाला अन्नपिशवी असते. दिवसभर पोटभर खाल्लेल्या कोंबडीची पिशवी संध्याकाळी लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी आणि दाबल्यावर मळलेल्या कणकेसारखी लागते. ती सपाट लागली तर कोंबडी उपाशी झोपते आहे. एक दिवस तसे आढळले तर हाताने खाद्य द्यावे आणि दुसऱ्या दिवशी भांड्यापाशी उभे राहून पाहावे. सलग दोन दिवस आढळले तर मांडणीत दोष आहे असे समजून भांड्यांच्या जागा बदलाव्यात.

त्याच वेळी छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर ठीक. हाड उघडे जाणवले तर उपासमार जुनी आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करून भिंतीवर लिहून ठेवण्याची सवय लावावी. आठवड्यात वजन दहाव्या हिश्श्याने घटले तर मी त्या कोंबडीला लगेच वेगळे काढतो आणि कारण नंतर शोधतो.

कोंबडा

आठ ते दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो, आणि मिश्र कळपात तो लहान जातीचा असावा. तीन किलोंहून जड गिरिराज कोंबडा एक-सव्वा किलोच्या सिल्कीवर चढला की तिच्या पाठीची पिसे जातात, आणि त्याच्या पायामागच्या काट्याने बरगडीखाली कातडी फाटते. पिसांखाली ही जखम दिसत नाही आणि पावसाळ्यात तिच्यात दोन दिवसांत अळ्या पडतात. मोठा कोंबडा ठेवायचाच असेल तर लहान माद्यांचे आवार वेगळे करावे. सिल्कीमध्ये नर-मादी चार-पाच महिन्यांपर्यंत खात्रीने ओळखता येत नाहीत, त्यामुळे चार पिल्ले आणल्यास त्यांतले दोन कोंबडे निघतील हे गृहीत धरून त्यांची सोय आधीच ठरवावी.

पाऊस, ऊन आणि खुडूक कोंबडी

कोकणात आणि घाटमाथ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत सिल्कीला मोकळ्या आवारात सोडायचे असेल तर वर पक्के छप्पर लागते. भिजलेली सिल्की आपोआप सुकत नाही; तिला फडक्याने टिपून दिव्याच्या उबेत ठेवावे लागते, आणि भिजून चिपकलेल्या पिसांमुळे ती कळपाला अनोळखी दिसते, म्हणून पूर्ण सुकल्यावरच परत सोडावे. बिछाना रोज खालीवर करावा आणि ओला भाग काढून टाकावा. विष्ठेत रक्त दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडून औषध आणावे. कोचीन-ब्रह्माच्या पायांवरचे चिखलाचे गोळे कोमट पाण्यात भिजवून काढावेत, ओढू नयेत. खवले उचललेले दिसले तर त्यांवर आठवडाभराच्या अंतराने खोबरेल तेल चोळल्याने किडे गुदमरतात. मार्च ते मेमध्ये याच दोन जातींसाठी ओले गोणपाट, वारा आणि दुपारची सावली यांची तजवीज करावी.

सिल्की वारंवार खुडूक होते, म्हणजे अंडी उबवण्यासाठी घरटे धरून बसते. खुडूक कोंबडी २१ दिवस घरट्यावर बसली की कळपातला तिचा क्रम जातो, आणि ती परतते तेव्हा अर्धवट अनोळखी झालेली असते. तिचे खुडूक बसणे कळपाला दिसेल अशा जाळीआड घडवावे, म्हणजे परतणे सोपे जाते.

जखम झाल्यावर

लाल रंग कोंबड्यांना खेचतो. एकीने काढलेल्या रक्तावर साधी कोंबडीही चोच मारते. जखमी कोंबडीला ताबडतोब बाजूला घ्यावे, मिठाच्या कोमट पाण्याने धुवून पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि वरून जेन्शियन व्हायोलेटचा जांभळा रंग द्यावा, म्हणजे लाली झाकली जाते. हळद लावायला हरकत नाही, पण खोल जखमेला तेवढ्यावर सोडू नये.

तिला नजरेआड दूर ठेवू नये, त्याच आवारात पिंजऱ्यात ठेवावे. आठ दिवस दिसली नाही तर ती परत नवखी ठरते. नजरेआड करायचे ते दांडगीला. तिला तीन ते पाच दिवस दुसरीकडे हलवले की ती परत येते तेव्हा तीच नवखी असते आणि तिला आपली जागा पुन्हा खालून कमवावी लागते. दांडगी विकण्याआधी हा उपाय दोनदा करून पाहावा.

सिल्की किंवा पॉलिशची मान अचानक पिळवटलेली दिसली की घरातली सगळी माणसे मानमोडी म्हणून घाबरतात. या जातींत डोक्याला मार बसल्यानेही मान अशीच फिरते. एकाच कोंबडीला झाले असेल, आदल्या दिवशी भांडण झाले असेल आणि श्वास व विष्ठा ठीक असेल तर माराची शक्यता अधिक. हिरवट विष्ठा, तोंड उघडून श्वास घेणे आणि एकापाठोपाठ दुसरी कोंबडी आजारी पडणे ही मानमोडीची लक्षणे आहेत. दोन्ही बाबतींत पहिली कृती एकच: तिला पूर्णपणे वेगळे करून पशुवैद्यकाला दाखवणे. जखमीला कळपासमोर ठेवण्याचा वरचा नियम इथे लागू होत नाही. मार असेल तर मऊ फडक्याची गुंडाळी करून तिला आधार द्यावा आणि थेंबाथेंबाने पाणी पाजावे. कित्येकदा दोन-तीन आठवड्यांत मान सरळ होते.

वेगळे करण्याची वेळ

मांडणी बदलली, दांडगीला दोनदा हलवले, राखीव भांडे दिले, आणि तरीही महिनाभराने अन्नपिशवी संध्याकाळी रिकामीच लागत असेल, तर त्या कोंबडीला या कळपात ठेवण्याचा हट्ट सोडावा. अशा कोंबडीला एकटी ठेवू नये. एकटी कोंबडी खाणे कमी करते. तिच्याच स्वभावाची दुसरी, शक्य तर तिसरी, सोबत देऊन ४० चौरस फुटांचे छोटे आवार मोठ्या आवाराला लागून करावे आणि मधली जाळी कायमची ठेवावी. माझ्याकडची ती हलकी लागलेली सिल्की गेली तीन वर्षे अशाच जाळीमागे दोन कोचीन बँटमसोबत आहे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिचे वजन अजून दर रविवारी लिहिले जाते.